खैरखेडे प्र.

६ जानेवारी, सोमवार

आज सकाळी नऊपासून आमचं गाव 'प्रस्तावित' झालं आहे.

ग्रामपंचायतीचा संगणक राजदीप चालवतो. त्यानं राजपत्रातली चौतीस पानं छापून आणली. अभयारण्याभोवती 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' ठरवण्याचा मसुदा. पान एकोणतीस, अनुक्रमांक सतरा : 'खैरखेडे प्र., गट ४१ ते ११८'. सरपंच छगन आबांनी ते पारावर मोठ्यानं वाचलं आणि 'प्र.'चा अर्थही तिथंच लावून टाकला. खैरखेडे, प्रस्तावित. दहा वाजेपर्यंत गावभर झालं की गाव उठवून जंगल करणार. वीटभट्टीवरच्या एका बाईनं मला वाटेत अडवून विचारलं, गोधड्या बांधू का.

मी शेतात ठिबकच्या नळ्या धूत होतो. सव्वाअकराला पारावर पोचलो.

"अभिमन, तू सांग भो. प्र म्हंजे प्रस्तावितच ना?"

"नही आबा. प्र म्हंजे प्रगणे."

"हाई कोनतं जनावर शे?"

सगळे हसले. मी हसलो नाही. खान्देशात एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन गावं आहेत. ती ओळखू यावीत म्हणून नावापुढं जुन्या प्रगण्याचं अक्षर लावतात. आमचं खैरखेडे अडावद प्रगण्यातलं म्हणून प्र.अ. ते चोपडा तालुक्यात, जिल्हा जळगाव. दुसरं खैरखेडे थाळनेर प्रगण्यातलं, प्र.थ. ते इथून एकेचाळीस किलोमीटरवर शिरपूर तालुक्यात, जिल्हा धुळे. छापणाऱ्यानं शेवटचं अक्षर गाळलं. त्यालाही बहुतेक 'प्रस्तावित'च वाटलं असणार. तालुक्याच्या रकान्यात सात गावं मिळून एकच चौकट : 'चोपडा/शिरपूर'. म्हणजे गाव कुठलं हे कुणीच सांगू शकत नाही.

"मंग आपलं शे का तेन्हं शे?" आबा.

"बघून सांगतो," म्हटलं. मी अंदाजानं बोलत नाही.

माझी थोरली बहीण, ताईबाई अक्का, त्या दुसऱ्या खैरखेड्यात दिलेली. लग्नात वडील म्हणायचे, पोरीचं गाव बदललं नाही, फक्त प्रगणा बदलला.

८ जानेवारी, बुधवार

मसुदा दोनदा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका नऊ, आकड्याच्या दोन. शेतीला बंदी कुठंही नाही. हे मी आज अकरा लोकांना सांगितलं. बंदी आहे ती नव्या खाणींना, वीटभट्ट्यांना, लाकूड कापायच्या गिरण्यांना. बांधावरचं झाड तोडायचं तर परवानगी. विहिरीला, बोअरला परवानगी. शेतजमीन कारखान्यासाठी वापरायची तर समितीची शिफारस लागणार, आणि ती समिती अजून नेमलेलीच नाही.

नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पंधरा वर्षांपूर्वी टेकडीवर अंजनाची झाडं होती, ढोरांना उन्हाळ्यात तोच पाला. आज सत्तावीस उरली आहेत. मी मोजली आहेत. पण आमच्या गावात सहा वीटभट्ट्या आहेत आणि चाळीस घरं तिथं राबतात. दर दोन वर्षांनी परवाना नवा काढावा लागतो. यादीत गेलो तर पुढचा परवाना नाही.

हरकतीची मुदत १८ फेब्रुवारी.

१३ जानेवारी, सोमवार

सापडलं.

इतकं सोपं की तोंडावर मारून घ्यावंसं वाटलं. यादीत गट ४१ ते ११८. आमच्या गावाचा शेवटचा गट ९७! त्याच्यापुढं नदी. नदीला गट नंबर नसतो. म्हणजे ११८ आमचा असूच शकत नाही. तलाठ्याकडं जाऊन आकारबंद, म्हणजे गावच्या सगळ्या गटांची नोंद, स्वतः बघितला, दोनदा. ९७.

तलाठी म्हणाला, "अभिमनभाऊ, तुमचं शिक्षण किती?" नववी नापास, म्हटलं. तो म्हणाला, वाटत नाही. वाटत नाही म्हणजे काय? नापास झालो म्हणून वाचायचं सोडलं असं कुणी सांगितलं?

परत येताना चालतच आलो. रिक्षात बसवेना.

२० जानेवारी, सोमवार

दिपमालाचा फोन. अक्काची मुलगी, माझी भाची. शेतकीची पदवी घेतलेली, वय सत्तावीस, आणि घरात सगळ्यात जास्त बोलणारी. तिला केळीच्या वेफर्सचं शेड टाकायचं आहे. दिवाळीत तिच्या बिनशेतीचा अर्ज मीच भरून दिला होता. तिच्या वडिलांनी, नवलनानांनी, गट नंबर ११२ मधले वीस आर तिच्या नावावर करून दिले आहेत. भाऊबंद म्हणाले, पोरीच्या नावावर कशाला. नवलनाना सरळ तहसीलला जाऊन सही करून आले.

"मामा, मोजणी झाली! फाईल पुढं सरकली. आता एक सही राहिली."

"शेड वीस बाय चाळीसच ठेवलंस ना? नकाशात मी तसंच दाखवलं आहे."

"हो हो, फूटपट्टी मामा. गावातल्या नऊ बायका येणार आहेत कामाला. आई तर आत्तापासून चकत्या पाडून दाखवते सगळ्यांना."

उद्घाटनाला यायचं कबूल केलं. तिच्या सातबाऱ्याची, तिच्या सहीची प्रत अजून माझ्या फायलीत आहे. मी कुठलाच कागद टाकत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. हजर १६३. मी वीस मिनिटं बोललो, प्रगण्यांपासून आकारबंदापर्यंत. मध्येच छगन आबा म्हणाले, "आरे, इतिहास नको, इलाज सांग." इलाज सांगितला : गावातर्फे हरकत, पुराव्यासह. ठराव एकमतानं. हरकत लिहायचं काम माझ्याकडं.

वीटभट्टीवाली ती बाई बाहेर भेटली. गोधड्या सोडल्या का, विचारलं. म्हणाली, तुमच्या भरवशावर सोडल्या.

२९ जानेवारी, बुधवार

हरकत लिहून झाली. साडेसहा पानं, चौथा खर्डा. राजदीपनं टाइप केली. शेवटच्या परिच्छेदाला त्याचा हात थांबला. परिच्छेद असा :

'सबब, अनुक्रमांक १७ येथील गाव हे खैरखेडे प्र.अ. नसून खैरखेडे प्र.थ., ता. शिरपूर, जि. धुळे हेच असल्याचे निःसंशय सिद्ध होते.'

"भाऊ, हे कशाला? ते गाव आपलं नाही, एवढंच लिहा ना. कोणाचं आहे ते त्यांचं ते बघतील."

"अर्धं उत्तर देऊन कसं चालेल? गणितात फक्त 'हे चूक' लिहिलं तर मार्क मिळतात का?"

"आपल्याला मार्क नकोत, भाऊ. आपल्याला यादीतून बाहेर पडायचंय."

राजदीप शिकलेला आहे, पण त्याला अर्धवटपणाची सवय आहे. मी ओळ ठेवली. पुरावे तीन. परिशिष्ट अ, आमचा आकारबंद. परिशिष्ट ब, दोन्ही प्रगण्यांची जुनी गावयादी. परिशिष्ट क, ९७ च्या पुढचे गट प्र.थ. मध्येच आहेत हे दाखवायला तिथला एक सातबारा. त्यासाठी शिरपूरला खेप घालावी लागली असती. पण गट ११२ चा उतारा हाताशी होता, तोच जोडला. एक दिवस वाचला.

३० जानेवारी, गुरुवार

जळगाव. कागद दिल्लीला रजिस्टर पोस्टानं, एक प्रत वनखात्याच्या कचेरीत, एक जिल्हाधिकाऱ्यांकडं. तिन्ही पोच घेतल्या. चोपड्याच्या बसला वेळ होता म्हणून मेहरूणच्या तलावापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. बाकावर बसलो होतो, पण बसणं जमलं नाही. काम पूर्ण झाल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला कायम काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. पोचपावत्या चार वेळा बघितल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दिल्लीचं काही नाही. बायको, म्हणजे डिंपलची आई, म्हणते, पोस्टमनला आता तुम्ही दिसले की तो गल्ली बदलतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जळगावला सुनावणी. छगन आबा, राजदीप आणि मी. अठरा गावांचे लोक होते, बहुतेकांकडं एक पान, त्यावर अंगठे आणि सह्या. आमची साडेसहा पानं, तीन परिशिष्टं, शिवलेली.

साहेब तरुण, शांत बोलणारे. त्यांनी फाईल उघडली आणि विचारलं, "अभिमन पाटील कोण?"

मी उभा राहिलो.

"तुम्ही वकील आहात?"

"शेतकरी."

"नोकरीतल्या माणसानंसुद्धा इतकं नेमकं लिहून दिलं नसतं. तुमचं गाव यादीतून काढतो आहोत." मग शेजारच्या कारकुनाकडं बघून हसले. "खरं सांगायचं तर सतरावी ओळ आम्ही खोडणारच होतो. नाव अपुरं असलेली अशी चार गावं होती. तपासायला माणूस नाही, म्हणून तीन वगळली. चौथ्याला तुमचं पत्र आलं. एक गाव वाचलं."

छगन आबांनी माझी पाठ थोपटली. "नावच अभिमन! गावले अभिमान शे तुन्हा."

बसमध्ये राजदीप खिडकीकडं तोंड करून बसला. मी त्याला विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही नाही भाऊ. साहेब 'वाचलं' कोणाला म्हणाले, तेवढाच विचार करतोय."

यादीला म्हणाले असणार. त्यांच्या दृष्टीनं यादी नेमकी झाली. मला उगाच धरणगावच्या मामेभावाची आठवण झाली, तो असाच शब्दांत अडकतो. चोपडा येईपर्यंत मी उभाच राहिलो, जागा असून.

२३ फेब्रुवारी, रविवार

पारावर सत्कार. शाल, नारळ, आणि छगन आबांचं भाषण. त्यात त्यांनी 'प्रगणे' शब्द तीन वेळा वापरला, दोनदा चूक. वीटभट्टीवरच्या बायांनी ओवाळलं. शाल घरी आणून घडी घातली. घडी बसेना. पुन्हा घातली.

मनात एक हिशेब सारखा सुरू आहे आणि तो मी पुरा करत नाही. ४१ ते ११८. बरोबर मध्ये... नको. उद्या बघू.

२४ फेब्रुवारी, सोमवार

११२ हा ११८ च्या आत आहे.

हे लिहायला मला बेचाळीस दिवस लागले. १३ जानेवारीला आकडा सापडला होता, तेव्हापासून मोजले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अक्काला फोन केला. तब्येत विचारली, पाण्याचं विचारलं, म्हशीचं विचारलं. तिनं विचारलं, "काय व्हयनं रे? इतलं गोड कसाले बोली राहिना?" काही नाही, म्हटलं.

शुद्धिपत्रक अजून निघालेलं नाही. कदाचित निघणारही नाही. सरकारी काम आहे. मी आजपर्यंत सरकारी दिरंगाईला नावं ठेवली. आज तीन वेळा मनात म्हटलं, व्हऊ दे उशीर.

३ मार्च, सोमवार

निघालं. 'अनुक्रमांक १७ : खैरखेडे प्र.थ., ता. शिरपूर असे वाचावे. सदर गावापुरती हरकतीची मुदत आजपासून साठ दिवस.' म्हणजे २ मेपर्यंत.

दुपारी चारला दिपमालाचा फोन.

"मामा, परिशिष्ट क म्हणजे काय असतं?"

मला कळलं, पण मी सांगत बसलो. अर्जासोबत जोडलेला पुरावा वगैरे.

"ते नाही विचारलं. तहसीलमधून माझी फाईल परत आली. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत स्थगित. का, म्हणून विचारलं तर त्यांनी एक हरकत दाखवली. त्यात परिशिष्ट क. माझा सातबारा. माझी सही. मी तो तुम्हाला शेडसाठी दिला होता ना?"

"हो."

"मग?"

मी म्हणालो, दिपमाला, तुमच्या गावाला नवे साठ दिवस मिळाले आहेत. हे माझ्या पत्रामुळंच मिळाले. नाहीतर मुदत केव्हाच संपली होती.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"तुमच्या पत्राआधी आम्हाला एकाही दिवसाची गरज नव्हती, मामा."

४ मार्च, मंगळवार

ही वही मागं उलटून बघितली. २० जानेवारीला गट ११२ मीच लिहिला आहे. नऊ दिवसांनी पुन्हा मीच लिहिला आहे. मध्ये नऊ पानंही नाहीत. मला खरंच दिसलं नव्हतं का? दिसलं नव्हतं असं लिहितो, तर पेन अडखळतं. दिसलं होतं असं लिहावं, तर तेही खोटं. मला हाताशी असलेला पुरावा दिसला. ती कुणाची जमीन हे त्या वेळी पुराव्याच्या मागं होतं.

डिंपलच्या आईनं विचारलं, अक्काकडं कधी जाणार? म्हटलं, आधी पूर्ण अभ्यास करून जातो. ती म्हणाली, "अभ्यास करूनच तर हे झालं."

६ मार्च, गुरुवार

वनखात्याच्या कचेरीत गेलो. शेवटचा परिच्छेद आणि परिशिष्ट क मागं घेतो, असं पत्र दिलं. साहेबांनी ते वाचलं.

"यात काही चूक होती का?"

"नाही."

"खोटं होतं?"

"नाही साहेब."

"मग खरं मागं कसं घेता येईल?"

मी म्हटलं, ते सांगायचं काम माझं नव्हतं. साहेबांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कारकुनाला पोच द्यायला सांगितली. यादीत आता बदल होणार नाही, हेही सांगितलं. वाईट वागले नाहीत. ते वाईट वागले असते तर बरं झालं असतं.

८ मार्च, शनिवार

उद्या प्र.थ. ला विशेष ग्रामसभा आहे. बोलावणं नाही. जाणार आहे. चार मुद्दे लिहून काढले, मग खोडले. पहिला मुद्दा साठ दिवसांचाच येत होता.

९ मार्च, रविवार

अक्काच्या गावाला साडेदहाला पोचलो. आधी घरी गेलो नाही, सरळ शाळेच्या पटांगणात गेलो आणि मागं उभा राहिलो. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. नवलनाना दुसऱ्या ओळीत मान खाली घालून बसले होते. दिपमाला पुढं उभी राहून माझी हरकत वाचत होती. माझी वाक्यं तिच्या तोंडून ऐकली. लांबलचक आहेत. 'निःसंशय सिद्ध होते' हे तिनं सरळ वाचलं, जोर न देता, आणि कागद खाली घेतला.

पुढून एक म्हातारा उठला. "हाई लिखं कोनी? तेन्हं नाव वाच ना."

दिपमालानं कागदावर बघितलं. नाव खाली आहे, मोठ्या अक्षरात, मी स्वतः ठळक करायला लावलं होतं. तिनं ते वाचलं नाही. "चोपड्याकडचं गाव आहे," एवढंच म्हणाली.

माझे पाय आधी पुढं गेले, मग मी.

"मी लिखं."

लोकांनी माना वळवल्या. मग एकदम सगळे. "हाऊ तर ताईबाईना भाऊ!" "पाव्हना म्हनीसन येस, पुरनपोळी खास, न उतारा लई जास!" "आपला गावले खड्डामा घालं न आठे तोंड दखाडाले उना!" एका पोरसवद्या माणसानं विचारलं, गट ११२ च का, भाऊबंदांनी किती दिले? त्याला मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. काही दिले नाहीत, मी फुकट केलं, असं म्हणणार होतो. ते किती वाईट ऐकू आलं असतं हे आता कळतंय.

बायांच्या बाजूनं अक्का उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. ती सभेत कधी बोललेली नाही. आवाज चढवला नाही.

"मन्हा भाऊ शे. तेले जे बोलनं शे ते मी बोलसू. तुम्ही कोन्ही बोलू नका."

म्हातारा खाली बसला. मग बाकीचे. दिपमालानं हरकतीचा ठराव वाचला, तिनं स्वतः लिहिलेला, दीड पान. शेती करणाऱ्या गावानं आपलाच माल आपल्याच गावात वाळवला, तळला, तर त्याला कारखाना म्हणू नका, असा त्याचा मुद्दा. पुराव्यात त्या नऊ बायांची नावं. एकही परिशिष्ट नाही. हात वर झाले. मीही केला होता, मग लक्षात आलं की माझं मत इथं नाही, खाली घेतला.

घरी आलो. अक्कानं पाणी दिलं, वाढलं, ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी माझ्या ताटात दोनदा टाकली. बोलली नाही.

१० मार्च, सोमवार

दिपमाला ठराव आणि हरकत घेऊन धुळ्याला गेली, तिथून दिल्लीला रजिस्टर. संध्याकाळी तिनं पोच माझ्यासमोर धरली. हरकत मला आधी दाखवली नव्हती. आता दाखवली. दुसऱ्या पानावर तालुक्याचं क्षेत्रफळ चुकलं आहे. तिनं विचारलं, "काही चुकलं?" मी म्हटलं, छान लिहिलंस. ती म्हणाली, "मामा, खोटं बोलताना तुमच्या कपाळाला आठी पडते."

फाईल स्थगितच आहे. शेडचे खांब येऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवले आहेत. अठरा.

नवलनाना माझ्याशी म्हशीबद्दल बोलतात. अक्का माझ्याशी दिपमालामार्फत बोलते. "तुन्हा मामाले सांग, च्या थंडा व्हई राहिना."

११ मार्च, मंगळवार

सकाळपासून धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड घालणं. अक्का ओल्या फडक्यावर पीठ थापते, मी फडकं उचलून खाटेवर उलटं घालतो. ज्वारीच्या वाफेचा वास हातांना. मी ओळी बारा-बाराच्या लावायला घेतल्या. तिनं एक ओळ मोडून वाकडी केली आणि कामाला लागली. दोनदा तिनं तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलेल. एकदा कावळ्याला हाकललं. एकदा पाणी मागितलं, ते दिपमालाकडं.

परवा होळी आहे, घरी गव्हाला पाणी द्यायचं राहिलं आहे. डिंपलच्या आईचा दोनदा फोन. साडेपाचच्या बसनं निघायचं ठरवलं. पिशवी भरली, चपला घातल्या, पिशवी ओट्यावर ठेवून अक्काची वाट बघत उभा राहिलो. निदान जाताना तरी बोलेल. बोलली तर बरं, शिव्या दिल्या तरी.

ती धाब्यावरून खाली आली. पिठाचे हात धुतले. माझ्या पिशवीकडं बघितलं, ती उचलली, आत नेली आणि खुंटीला अडकवली. मग चूल पेटवायला बसली.

बस गेल्याचा आवाज आला. मी चपला काढल्या.